धाडकन होण्याआधी

पिंजऱ्यांची दारं आपटतात, उंदीर विनाकारण दचकतात, म्हणून औषधांच्या प्रयोगशाळेनं माझे सगळे पिंजरे नाकारले. वेल्डिंग करत करत स्वतःचा कारखाना उभा केलेला माणूस मी. भांडायलाच गेलो.

"बसा काका, आधी हे बघा," संशोधक बाई म्हणाल्या.

पेटीत पांढरा उंदीर होता. धाडकन आवाज झाला की तो उडायचा. पण त्याआधी बारीक 'टक्' वाजलं, तर जेमतेम दचकायचा. बाई म्हणाल्या, मेंदूत डोपामीन नावाच्या रसायनाचा जोर वाढवला की तो त्या 'टक्'ला जुमानत नाही, उडतोच. डोपामीन अडवणारं औषध दिलं की पुन्हा जुमानायला लागतो.

मला घर आठवलं. वाईट बातमी सांगण्याआधी आमची ही हळूच खाकरते, तरी मी उसळतोच. जोर माझ्यातही असणार.

बाईंनी पेनानं टेबलावर हलकेच टकटक केली. "काका, दारांना रबर लावून द्या. खर्च तुमचा."

"बरं," मी म्हणालो.

फाटकाबाहेर आल्यावर राग आला, तो अजून गेलेला नाही. घासाघीस न करता मी जन्मात 'बरं' म्हटलं नव्हतं. आणि बाईंनी तर मला औषधही दिलं नव्हतं.