चार दिवसांसाठी टाकी रिकामी करत नाहीत

काका कोणाच्याही घरी आले की आधी बसायचे नाहीत. सरळ स्वयंपाकघरात जायचे, सिंकखाली वाकायचे आणि आरओच्या टाकीवर मुडपलेल्या बोटाने ठोकायचे. एकदा वर, एकदा खाली. "अर्धी," म्हणायचे. मग चहा. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याला पाहुणा म्हणून बसवताच येत नाही.

घमापुरातल्या आमच्या घराला त्यांची भिंत लागून. तोफांच्या कारखान्यात तपासणी करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर तपासायला आमच्या टाक्या उरल्या. काकू गेलेल्या, एकुलती मुलगी नागपूरला.

एकदा आमच्या टाकीतून अर्धा ग्लास पाणी आलं आणि धार मेली. वाट बघणं मला जन्मात जमलेलं नाही. मी नवी टाकी आणायला निघालेच, तर काका दारात आडवे आले.

"काहून फेकून राहिली? टाकी चांगली आहे. हवा गेली तिची."

मग त्यांनी मला फरशीवर बसवून समजावलं. आत रबराची पिशवी असते. पिशवीत पाणी, बाहेरून हवा. हवा दाबते म्हणून पाणी नळापर्यंत चढतं. त्यांनी सगळं पाणी काढलं, खालचं निळं टोपण उघडलं आणि सायकलच्या पंपाने हवा भरली. "सात पौंड. बस."

पुढच्या वेळी ते बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात गेलेले. मीच पंप घेतला आणि जास्त हवा तर जास्त पाणी, अशा अकलेने दणादण मारत सुटले. टाकीत लोटाभर पाणी मावेना. काका हसून हसून खोकायला लागले.

"पाण्याले जागा तर ठेव, बेटा!"

त्यांचा एक नियम सगळ्या गल्लीला पाठ होता. आठ दिवसांच्या वर गावाला जायचं तर टाकी रिकामी करायची, आल्यावर पहिली भरलेली टाकी सांडून द्यायची. "पण चार दिवसांसाठी टाकी रिकामी करत नाहीत," हेही ते बजावायचे. लग्नाला निघालेल्या लोकांना त्यांनी रिक्षातून उतरवून टाक्या रिकाम्या करायला लावल्या आहेत.

मागच्या हिवाळ्यात ते जिना चढताना थांबायला लागले. मुलीने नागपूरला बोलावलं. किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "नुसती तपासणी आहे. चार दिवसांत येतो. तुळशीले पाणी घाल."

तिसऱ्या दिवशी तुळशीसाठी म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरातला आरओचा नळ उघडला. थेंब नाही. खाली वाकले. पाणी आत येण्याची तोटी बंद. टाकी एका हाताने उचलली गेली.

मला राग आला. फार राग आला. मुलीला फोन लावला आणि काका कसे आहेत, एवढंच विचारलं. "उद्या ऑपरेशन आहे ताई. बाबांनी सांगितलं नाही?"

मी तोटी उघडली. टाकी भरायला तीन तास लागतात. तीन तास मी त्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या, पाच-पाच मिनिटांनी टाकीवर ठोकलं. पहिलं पाणी तुळशीला घातलं, पुन्हा भरली. टाकी भरलेली असली की त्यांना यावंच लागेल, असं काहीतरी वेड्यासारखं मनात होतं.

ऑपरेशननंतर आठवड्याने त्यांचा फोन आला. आवाज बारीक झालेला. मी भांडायलाच टपले होते. "टाकी का रिकामी केली?"

काका हळूच म्हणाले, "पोरीले सांगू नको. भरली का?"

"भरली."

"पहिलं पाणी सांडलं?"

"सांडलं."

"अच्छा. मग येतो."

दर रविवारी मी जुनं पाणी काढून ताजं भरत राहिले. चौथ्या रविवारी मुलीचा फोन आला. काका पहाटे गेले होते.

ती घर आवरायला आली तेव्हा प्रवासाने पार थकलेली होती. आल्या आल्या तिने नळाखाली ग्लास धरला. पाणी इतक्या जोरात आलं की तिच्या बाहीवर उडालं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"बाबांनी टाकी रिकामी नव्हती केली?"

"नाही," मी म्हणाले. "चार दिवसांत येणार होते ना. पाणी ताजं आहे, मी बदललंय. पी."

तिने उभ्या उभ्या ग्लास संपवला आणि दुसरा भरला.