गोलपोस्टमागची खुर्ची

काळजी करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण एका फुटबॉल टीमच्या डिफेन्सची काळजी करत करत जिने अख्खा संसार पार पाडला, अशी बाई मी तरी एकच पाहिली आहे, आणि ती माझी सख्खी मामी आहे. ती कन्हानला राहते. मामा तिथल्या कोळशाच्या खाणीत कामाला होता आणि वस्तीच्या क्लबचा गोलकीपर होता. यातली नोकरी कुठली आणि हौस कुठली, हे खाणीतल्या साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मामा नव्या नवरीला मॅच बघायला घेऊन गेला. बायकांनी कुठे बसायचं हे त्या मैदानावर कुणी ठरवलेलंच नव्हतं, कारण तोवर कुणी बाई आलीच नव्हती. म्हणून मामाने कुणाकडून तरी एक घडीची खुर्ची आणली, ती आपल्या गोलपोस्टच्या मागे, जाळीपासून चार हातांवर मांडली आणि सांगितलं, "इथंच बस, मी समोरच हाव." त्या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. मामी अजून तिथेच बसते.

उठते ती फक्त हाफटाइमला, कारण तेव्हा बाजू बदलते. मग मामी खुर्चीची घडी करून काखेत मारते, दुसऱ्या हातात चिवड्याच्या डब्याची पिशवी घेते आणि मैदानाच्या कडेकडेने पलीकडच्या गोलाकडे निघते. गुडघे दुखायला लागल्यापासून तिला वेळ लागतो. ती खुर्ची उघडून, पदर सावरून टेकेपर्यंत रेफरी शिट्टी तोंडात धरून उभा असतो. फुटबॉलच्या नियमांत हे कुठे लिहिलेलं नाही, पण कन्हानला पाळतात. एकदा नागपूरहून आलेल्या एका नव्या रेफरीने मामी अर्ध्या वाटेत असतानाच खेळ सुरू केला, तर आमचीच नव्हे, समोरची टीमसुद्धा चेंडूला पाय लावेना.

आता, जी बाई तीस वर्षं आपल्याच गोलाच्या मागे बसली तिला फुटबॉल कसा दिसणार? चेंडू लांब असला की खेळच नाही, आणि जवळ आला की संकट. आमच्या टीमने केलेला एकही गोल तिने धड पाहिलेला नाही. पलीकडे आरडाओरडा झाला, पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, की मामी डब्याचं झाकण उघडत म्हणते, "झालं वाटते तिकडे काहीतरी." फॉरवर्ड या जातीबद्दल तिचं मत अगदीच वाईट आहे. "दिवसभर समोर समोर हिंडते, आन् एखाद्या वेळी पाय लागला का हार घालून घेते," असं ती त्यांच्या आयांसमोर म्हणते. फुलबॅक तेवढे कष्टाळू, त्यांची लग्नं व्हायला हवीत. आणि त्यांच्यापैकी कुणी चार पावलं पुढे सरकला की मामीची ती हाक उठते, "मागे कोन हाय गा?" ही हाक मैदानाशेजारच्या कन्हान नदीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाते. तिथे कपडे धुणाऱ्या बायका आपसूक मागे वळून बघतात, असं मामा सांगायचा.

हे मैदानापुरतं असतं तर मी काही बोललो नसतो. पण घरात, लग्नकार्यात, बाजारात, मामीचा हिशेब हाच. दाराला कडी, कडीला कुलूप, आणि आतून वरवंटा टेकवलेला. मामेबहिणीच्या लग्नाचा बस्ता काढायला आम्ही दहाबारा जण नागपूरला गांधीबागेच्या कापडबाजारात गेलो, तेव्हा सगळे गादीवर बसून शालू उलगडत होते आणि मी दुकानाच्या पायरीवर चपलांजवळ उभा होतो. "सारेच समोर जाऊन बसले तर मागे कोन हाय?" म्हणून मला तिथे नेमलेलं होतं. दुकानदाराने दोनदा विचारलं, ह्यांना चहा बाहेरच द्यायचा का? जावयाबद्दलही तिने बघण्याच्या कार्यक्रमातच निकाल दिला होता. "पोरगा चांगला हाय, पन फॉरवर्ड हाय. घरी थांबनार नाई." लग्नानंतर दोन महिन्यांत त्याला बेंगळुरूला नोकरी लागली आणि तो बहिणीला घेऊन गेला. त्या दिवशी कुकर उतरवताना मामी मामाचे जुने कीपरचे हातमोजे घालायला विसरली आणि हात भाजून घेतला. हो, आमच्या मामीकडे गरम भांडी गोलकीपरच्या हातमोज्यांनी उतरवतात.

मामाचे खांदे गेले तेव्हा त्याने वस्तीतल्या संदीपला गोलकीपर म्हणून तयार केलं. संदीपचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि हात सोन्यासारखे आहेत. मामा मग खुर्चीच्या शेजारी येऊन उभा राहायला लागला, मामीची जागा काही बदलली नाही. चार वर्षांपूर्वी मामा गेला. तेरवी झाल्यावरच्या रविवारी सगळ्यांना वाटलं की आता खुर्ची काही येत नाही. दोन्ही टीम मैदानात उतरल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मामी कोपऱ्यावरून येताना दिसली, खुर्ची काखेत मारून. मी धावत जाऊन म्हटलं, "मामी, आता कशाला त्रास घेतेस?" तर माझ्याकडे मीच वेडा असल्यासारखं बघून म्हणाली, "डिफेन्स पाहिला का तू? तुले काळजी नाई वाटत?" मला खरंच वाटत नव्हती, पण खुर्ची मी उघडून दिली.

या वर्षी मात्र काळजी करण्यासारखीच परिस्थिती होती. सगळा डिफेन्स एकट्या राजूवर. हा राजू इलेक्ट्रिशियन, उंच, ताकदीचा, स्टॉपर म्हणून, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध, खेळतो, पण कॉर्नर मिळाला की पाहुण्यासारखा समोर जातो आणि तिकडेच रमतो. मागे मैदान मोकळं. असे कितीतरी गोल आम्ही खाल्ले आणि शेवटच्या मॅचपर्यंत अशी वेळ आली की जिंकलो तरच वरच्या गटात राहणार, नाहीतर खाली. क्लबच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं होतं की खालच्या गटात खेळायचं तर क्लबला कुलूपच लावू. क्लब गेला की मैदानावरचा रविवार गेला, आणि मामीच्या घरात तिच्याशिवाय आता कुणी नाही. हे सगळ्यांना समजत होतं. मामीने गुरुवारी चारही डिफेंडरांना पाटवडी रस्सा जेवायला बोलावलं. मला वाढायला.

ताटं मांडून झाल्यावर तिने राजूच्या ताटातल्या वाटीवर बोट ठेवलं. "राजू, ही वाटी म्हनजे तू. कुठं ठेवली मी?"

"ताटात."

"मंग ताटाबाहेर काहून जातं?"

"मामी, कॉर्नरले तरी जाऊ दे ना. कॉर्नरले सारेच जाते."

"सारेच जाते म्हनून तर इचारून राहिली, मागे कोन राहते?" मामी म्हणाली, आणि त्याच्या वाटीत रस्सा ओतायचं थांबली. राजूने रिकाम्या वाटीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि वचन दिलं. मामीच्या परवानगीशिवाय हाफलाइन ओलांडणार नाही. मग तो सात पाटवड्या जेवला.

रविवारी समोर नागपुरातल्या जरीपटक्याकडची टीम होती. मी मामीच्या खुर्चीजवळ गवतावर बसलो होतो. राजूने असा काही डिफेन्स केला की चेंडू आमच्याकडे येईचना. मामीला ते सहन होईना. ती खुर्चीत या कुशीवरून त्या कुशीवर होत होती. दोनदा डबा उघडून तिने तसाच बंद केला. संदीप कंटाळून जाळीपाशी आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "काही तरी गडबड हाय गा. आज सारं बरोबर चालून राहिलं." सगळं बरोबर चाललं होतं, पण गोल मात्र होत नव्हता, आणि बरोबरी आम्हाला पुरणार नव्हती.

अगदी शेवटच्या मिनिटाला पलीकडे आम्हाला कॉर्नर मिळाला. सगळी टीम समोर धावली. राजू हाफलाइनवर येऊन थांबला. लोक ओरडत होते, "जा बे राजू, जा!" अध्यक्ष तर टोपी फेकून ओरडत होते. राजू जागचा हलेना. तो वळला आणि अर्ध्या मैदानावरून, संदीपच्या डोक्यावरून, जाळीतून, मामीकडे बघत उभा राहिला. इतक्या उंच माणसाचा इतका केविलवाणा चेहरा मी पाहिलेला नाही. मामी उठली. मला वाटलं आता ती नेहमीची हाक येणार. तिने पदर कमरेला खोचला, पोस्टला वळसा घालून सरळ गोलात शिरली, संदीपच्या शेजारी उभी राहिली आणि नदीपार ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "जा गा! मागे मी हाव!"

राजू सुटला. रेफरीची पाठ आमच्याकडे होती. लाइन्समनने पाहिलं, पण त्याने हाफटाइमला मामीचा चिवडा खाल्लेला होता. कॉर्नर आला, धुरळा उडाला, राजूने उडी मारली, चेंडू त्याच्या कानाला लागला की खांद्याला यावर अजून वाद आहे, पण गोल झाला. मामीने तोही पाहिला नाही. ती दोन्ही हात पसरून, डोळे बारीक करून, आमच्या रिकाम्या मैदानाची राखण करत होती. मी धावत जाऊन "मामी, गोल!" म्हणून ओरडलो तेव्हा म्हणाली, "होऊ दे. राजू वापस आला का?"

राजूला खांद्यावर घेऊन पोरं वस्तीत गेली. मी मामीची खुर्ची काखेत मारली आणि आम्ही दोघं सावकाश घराकडे निघालो. मी मुद्दाम चिडवलं, "मामी, तीस वर्षं विचारत होतीस मागे कोण आहे, आज स्वतःच उभी राहिलीस." थोडं चालल्यावर ती गुडघ्यावर हात ठेवून थांबली. मैदानाकडे वळून बघत म्हणाली, "मी साऱ्यायले इचारलं गा. पन तुह्या मामानं मले कधीच इचारलं नाई, मागे कोन हाय म्हनून. त्याले मालूम होतं."

मग ती चालायला लागली. मी खुर्ची घेऊन दोन पावलं मागे राहिलो आणि घर येईपर्यंत तसाच मागे चालत राहिलो.