पंचमीचं रिकामं जातं

नागपंचमी जवळ आली की ती घटना पुन्हा डोक्यात उभी राहते आणि तेव्हा आला होता तोच राग येतो. नोकरी सुटली, राग सुटला नाही.

चळवळीचे दिवस होते. मी वडूज भागात फौजदार होतो. पोलीस शिरला की अख्खे गाव मिठाची गुळणी धरायचे. भूमिगत पोरे कुठल्या मळ्यात आहेत हे मार खाऊनही कुणी सांगत नसे. पगार सरकारचा खात होतो, तरी त्या गप्प राहण्याचा मला मनातून आदर वाटे. त्याच गप्प राहण्याची दुसरी बाजू मला या खटल्यात दिसली.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी एका खेड्यातून पोलीस पाटलाची वर्दी आली. ऐन पंचमीला पाण्याला गेलेली एक सून विहिरीत पाय घसरून मयत झाली होती. नवरा पलटणीतून नाव कापून नुकताच परतलेला. तो त्या दिवशी सकाळपासून म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला गेला होता, असेही पाटलाने आपणहून लिहिले होते. वर्दीत न विचारलेली गोष्ट आली की वर्दी दोनदा वाचावी, एवढे मी तोवर शिकलो होतो.

पंचनामा केला, प्रेत डॉक्टरकडे पाठवले. पोटात पाणी नव्हते आणि डोक्याला मागून मार होता. बाई विहिरीत पडण्याआधीच मेली होती.

ठाण्यावर परत आलो तर तिचा भाऊ पायरीवर बसलेला. सांगलीकडचा शेतकरी माणूस. त्याला मी ओळखले, कारण पंचमीच्या आधी बहिणीला सणाला माहेरी न्यायला तो आला होता तेव्हाही ठाण्यावर येऊन गेला होता. सासरच्यांनी तिला पाठवले नव्हते. तिचा डोळा सुजलेला त्याने पाहिला होता. मी त्याला सांगितले होते की नवराबायकोचे भांडण आहे, पाटलाला भेटा, घरातले घरात मिटवा.

त्याने त्यातले काहीच काढले नाही. एवढेच म्हणाला, "सायेब, तिचं लेकरू ल्हान हाय. आता धाकटीला त्याच घरात द्यायचं ठरतंय. आई-बा तयार हायती. तुमी पाय घसरला म्हणून लिवलं, की हळद लागली म्हणून समजा."

त्या धाकटीचे पुढचे आयुष्य माझ्या कागदावर अडकले होते.

गावात जबाब घेतले. प्रत्येकाच्या तोंडी म्हसवड. नवरा समोर ताठ बसे, पलटणीतल्यासारखा. पाटील मला बाजूला घेऊन म्हणाला, "आवं, लढाईवरनं आलेला गडी हाय, डोस्कं तापायचंच. गेलेली काय परत येतीया व्हय?"

शेवटचा जबाब भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या म्हातारीचा. तिने डोळे खाली ठेवून सांगितले, "म्या दुपारची दळत हुते. मला काय बी ऐकाय आलं न्हाई."

जमादार लिहून घेत होता. मी त्याचा हात धरला. पंचमीला चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही, दळायचे-कांडायचे नाही. माझ्या आईने त्या दिवशी कधी विळीला हात लावला नाही. या बाईने सणाच्या भर दुपारी दळण काढले?

"आजी, पंचमीला दळण?"

तिने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. मग म्हणाली, "पंचमी मोडली न्हाई सायेब. जात्यात दाणा न्हवता. रिकामंच फिरवलं."

"कशापायी?"

"तिचा आवाज येत हुता. मग थांबला."

"मग तुम्हीही थांबलात?"

"न्हाई. आनखी जरा येळ फिरवत बसले. लगीच थांबले असते तर त्येला कळलं असतं, आमी ऐकतोय म्हणून."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ कबुल्या ऐकल्या. इतकी थंड एकही नव्हती. त्या आळीतल्या बाकीच्या बायांना मग मी एकच प्रश्न विचारला: पंचमीला जाते का फिरवले? एकेक घर फुटत गेले. तो मारायला लागला की आळीत जाती सुरू व्हायची, ही रीतच पडून गेली होती. सणाचा नेम मोडू नये म्हणून त्या दिवशी फक्त दाणे घातले नव्हते. नागाला दुखवायचे नाही, याची काळजी सगळ्यांनी घेतली होती.

जाती फिरली म्हणजे तो दुपारी घरातच होता; म्हसवडच्या दर्शनाचा त्याचा बनाव कोसळला. कबुली देताना तो रागावला नाही, रडला नाही. खऱ्याच नवलाने त्याने मला विचारले, "आजपातूर कुणी काय म्हणलं न्हाई. तुमीच कशाला इचारताय?"

मी जमादाराला म्हणालो, हेही लिहून घे.

म्हातारी साताऱ्याच्या कोर्टात उभी राहिली आणि जे सांगितले होते तेच सांगितले. त्याला जन्मठेप झाली. लेकरू मामाकडे गेले. धाकटीचे लग्न त्या घरात झाले नाही. माझ्या नोकरीत समाधानाची म्हणावी अशी हीच एक गोष्ट, आणि ती थोरलीच्या जिवावर आलेली.

लोक म्हणतात, गाव भ्याले असेल. मी त्या आळीत चार-चार वेळा जाऊन आलो, मला हे पटत नाही. ज्यांनी भूमिगतांसाठी आमच्या काठ्या खाल्ल्या ते एका माणसाला भिणारे नव्हते. उद्या पाणवठ्यावर त्याच्या घरच्यांना तोंड कसे दाखवायचे, एवढीच अडचण होती. त्या अडचणीपुढे एक बाई स्वस्त पडली.

पुढे बढतीच्या परीक्षेसाठी पिनल कोड पुन्हा सगळे वाचून काढले. रिकामे जाते फिरवणाऱ्याला त्यात कलम नाही. दारात आलेल्या भावाला "घरातले घरात मिटवा" म्हणून परत पाठवणाऱ्या फौजदारालाही नाही.