डेझर्ट रोडवरचे दिवे

डेझर्ट रोड म्हटल्यावर मला उंट आणि उकाडा आठवला होता. न्यूझीलंडचं वाळवंट मात्र थंड, ओलं आणि ज्वालामुखीच्या करड्या राखेचं निघालं. दोन हजार पाच किंवा सहा साल असेल. ऐन जुलैत, दोन दिवस धो धो पाऊस पडून गेल्यावर आम्ही दोघं टाकानिनीच्या आमच्या घरून वेलिंग्टनला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची फार्मसिस्टच्या नोंदणीसाठी तोंडी परीक्षा होती. ही दुसरी खेप. पुण्यात दहा वर्षं औषधं देणारी माझी बायको इथे सुपरमार्केटच्या काउंटरवर दूध-ब्रेड स्कॅन करत होती. "या वेळी नाही झालं तर मी परत जाणार," असं तिने निघताना शांतपणे सांगितलं होतं. त्या शांतपणाची मला भीती वाटत होती.

भीती वाटली की मी चिडतो, आणि चिडलो की गाडी जोरात चालवतो.

रस्ता निर्मनुष्य होता. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, विजेचे मनोरे, डोंगर ढगात गडप. समोरून एक ट्रक आला आणि त्याने दोनदा दिवे मारले.

"बघ, रस्ता काय याच्या बापाचा आहे?" मी म्हणालो आणि मीही दिवे मारले. आपल्याकडे समोरच्याने दिवे मारले की त्याचा अर्थ एकच: मी येतोय, बाजूला हो.

थोड्या वेळाने दुसऱ्या ट्रकनेही तेच केलं.

"अहो, हळू घ्या ना. काहीतरी सांगतायत ते," बायको वहीतून मान वर करून म्हणाली.

"पंधरा वर्षं गाडी चालवतोय मी. तू अभ्यास कर."

पुढचं वळण घेतलं आणि समोर रस्ताच दिसेना. गढूळ पाणी आडवं वाहत होतं, त्यात राखेचा चिखल. मी करकचून ब्रेक दाबला. गाडी घसरली आणि डावीकडच्या मऊ वाळूत रुतून बसली. लागलं कुणालाच नाही. फक्त वही माझ्या पायाशी येऊन पडली.

तासाभराने मागून एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, आली. त्यातून गमबूट घातलेली एक शेतकरीण उतरली. तिने दोर बांधून आमची गाडी ओढून काढली आणि मग विचारलं, "ट्रकवाल्यांनी लाइट्स नाही दाखवले? इथे पुढे धोका असला की दाखवतात."

आमच्याकडे त्याचा अर्थ काय, ते मी सांगितलं. ती पोट धरून हसली. बायकोही हसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाणी ओसरतंय," शेतकरीण म्हणाली. "माझ्या मागे या. सेकंड गिअर, मध्ये थांबायचं नाही. स्वीट ॲज, काही काळजी नको!"

मी दाराकडे वळलो, तर बायकोने हात पुढे केला. "किल्ली द्या."

लायसन्स तिच्याकडेही होतं. आजवर मीच तिला चालवू देत नव्हतो. किल्ली दिली. यूटच्या मागे ठरावीक अंतर ठेवून, जराही न डगमगता तिने ते पाणी पार केलं. पुढे वेलिंग्टनच्या वेशीवरच्या जॉन्सनव्हिलपर्यंत तीच चालवत होती. मी शेजारी बसून वहीतले प्रश्न विचारत होतो आणि तिची उत्तरं ऐकून मनातल्या मनात थक्क होत होतो. इतकं येत असून ही मागच्या वेळी नापास कशी झाली?

ते दुसऱ्या दिवशी कळलं. परीक्षा देऊन ती बाहेर आली, तेव्हा मी गेटजवळ येरझाऱ्या घालत होतो.

"मागच्या वेळी परीक्षकांचं बोलणं कळलं नाही, तरी मी मान हलवली होती," ती म्हणाली. "आज सरळ म्हटलं, मला समजलं नाही, परत सांगा. चार वेळा म्हटलं."

"मग?"

"चारही वेळा त्यांनी परत सांगितलं."