हळदीच्या दिवशीचा इंटरव्ह्यू

पांढरा शर्ट घालून हळदीच्या मांडवातून जाऊ नये, हे मला बीएस्सीच्या तीन वर्षांत कुणीच शिकवलं नाही.

नंदुरबारच्या एका दूध डेअरीत प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती. ही माझी चौथी मुलाखत. आधीच्या तीन माझ्या कपड्यांनी घालवल्या, असं माझं प्रामाणिक मत आहे. पहिलीला मी जीन्स घालून गेलो. दुसरीला मेहुण्यांचा लग्नातला कोट, ज्याच्या बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे यायच्या (साहेबांनी हात मिळवला तेव्हा त्यांच्या हाती फक्त बाही लागली). तिसरीला एवढा सेंट मारला की मॅडमनी प्रश्नाआधी खिडकी उघडायला लावली. चौथीच्या आदल्या संध्याकाळी आमचे नाना, म्हणजे वडील, पपईच्या वावरातून आले, पाय धुतले आणि म्हणाले, "हाई शेवटली. नही जमनं तं मन्हासंगे वावरमा ये. मन्हा गुडघा आते चालत नही."

रागावून म्हणाले असते तर मी भांडलो असतो. ते अगदी हळू म्हणाले, त्यामुळे मला रात्रभर तोच गुडघा दिसत राहिला. वावराची मला लाज नाही, पण नानांनी आमच्या प्रकाशा गावभर 'मन्हा पोऱ्या केमिस्ट शे' असं सांगून ठेवलं होतं. त्यांना खोटं पाडायची माझी हिंमत नव्हती.

म्हणून या खेपेला मी कसर ठेवली नाही. दाढी गुळगुळीत, नखं कापलेली, बूट चकचकीत, डोक्याला तेल बेताचं (माय बाटली घेऊन मागे लागली होती, मी पळालो). आणि एकुलत्या एका पांढऱ्या शर्टाला अशी कडक इस्त्री, की मला खाली बसायची भीती वाटत होती.

पण त्याच सकाळी काकांच्या पोरीची हळद. आमचं आणि काकांचं अंगण एकच, आणि रस्त्यावर जायची वाट त्याच अंगणातून. मी भिंतीला पाठ लावून सरकत निघालो. निम्म्या वाटेत फुई आडवी आली. फुई म्हणजे माझी आत्या, नानांची थोरली बहीण. दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे.

"कथा चालना रे भाऊ?" कुठे निघालास, असं तिचं विचारणं.

"फुई, हात लावू नको. इंटरव्ह्यू शे."

"मंग तं लावालेच पाहिजे. शुभ काम शे."

आणि तिने माझ्या छातीवर हात टेकवला. नुसता डाग असता तर गोष्ट वेगळी. हा आख्खा पंजा होता, अंगठ्यासकट.

मी मोरीकडे धावलो. फुई मागोमाग. "साबू नको लावू रे, लाल व्हई जाई. नुसतं पानी मार."

"फुई," मी म्हणालो, आणि हे वाक्य आठवून मला आजही अधूनमधून घाम फुटतो, "मी केमिस्ट्रीमा बीएस्सी शे."

धुण्याची वडी घेतली आणि घासली. पिवळा पंजा माझ्या डोळ्यांदेखत लालभडक झाला. मी घाबरून अजून घासलं. तो अजून लाल झाला. फुईने नुसती पाण्याची बादली पुढे सरकवली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुसरा शर्ट? नानांचा होता, पण त्यात मी दोनदा मावलो असतो. माझे बाकीचे सगळे टी-शर्ट, त्यातल्या बऱ्यातल्या बऱ्यावर वाघ होता. बस साडेआठची. मी ओल्या शर्टावर, लाल पंज्यासकट, बस पकडली.

कोरीटला एक काका चढले. माझ्या छातीकडे पाहून ते उभेच राहिले.

"कोनी मारं रे भाऊ?"

"कोनी नही काका. फुई."

"फुई?"

"म्हनजे हळद शे ती."

त्यांनी मला खिडकीकडे सरकवलं. "इकडे बठ, वारा लागी. आनि ती फाईल छातीले धरी ठेव. कोनले दिसाव नही." त्या दिवशी मला मिळालेला हा एकमेव शास्त्रशुद्ध सल्ला.

फाईल छातीशी कवटाळून मी डेअरीत गेलो. तशीच धरून तासभर बसलो. तशीच धरून आत गेलो. आत एक साहेब आणि एक मॅडम.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "फाईल द्या."

फाईल मागतात, हे मी आणि कोरीटचे काका दोघंही विसरलो होतो.

दिली. दोघांनी आधी पंजा पाहिला, मग माझा चेहरा, मग पुन्हा पंजा. सर्टिफिकिटं कुणी पाहिली नाहीत. साहेब घसा साफ करत म्हणाले, "दुधात कुणी धुण्याचा सोडा मिसळलाय असा संशय आहे. प्रयोगशाळा जवळ नाही. गावातल्या घरात आहात. कसं ओळखाल?"

माझं डोकं कोरं झालं. पुस्तकातलं एकही पान उघडेना. नानांचा गुडघा तेवढा दिसत होता. खरं सांगतो, रडू यायच्या बेतात होतो.

"बरं," मॅडम हळूच म्हणाल्या, "ते राहू द्या. सकाळी काय झालं ते सांगा."

मग मी सगळं सांगितलं. मांडव, फुई, साबण, बीएस्सी. "ती म्हणाली होती साबण लावू नको, लाल होईल. मी ऐकलं नाही. साबणात सोडा असतो, हळदीला तो लागला की..."

आणि मी थांबलो. साहेब हसू दाबत होते. मॅडमनी पेनाने माझ्या छातीकडे खूण केली.

"हळद टाकायची," मी म्हणालो. "सोडा असला तर दूध लालसर होईल."

"हे कुणी शिकवलं?"

"फुईने. आजच."

आठवड्याने फोन आला. नाना खाटेवर बसून नुसते हसत राहिले, आणि मला वाटलं, एवढ्यासाठी मी आणखी चार शर्ट घालवले असते. आता ते गावभर सांगतात, "मन्हा पोऱ्यानी साहेबले असं उत्तर दिधं, साहेब गप्प." मी दुरुस्त करत नाही. पण तुमच्यापाशी काय लपवायचं? उत्तर फुईचं होतं, मुलाखत शर्टाने दिली. मी नुसता आत होतो.