तिसरा व्हॉल्व्ह

हेडमामा नवीन माणसाच्या तोंडाकडं न बघता आधी त्याच्या बोटांकडं बघत. ज्याची नखं स्वच्छ, त्याच्याशी इंजिनाबद्दल बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. दौंडच्या माझ्या गॅरेजात वीस वर्षं ते फक्त इंजिनांची हेडं, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात ती वरची झाकणं, दुरुस्त करत होते. बाकीचं इंजिन मी जोडायचो. त्यांचं खरं नाव आधार कार्डावर असेल, आम्ही कधी विचारलं नाही.

गळीत हंगाम तोंडावर आला की पाटसपासून शिरूरपर्यंतचे जुने ट्रॅक्टर आमच्या दारात उभे राहत. मामा हेडातल्या, व्हॉल्व्ह जिथं टेकतात त्या झिजलेल्या सीटा काढून नव्या, कडक सीटा बसवायचे. मग रबरी कप लावलेल्या लाकडी काडीनं एकेक व्हॉल्व्ह त्याच्या सीटवर पेस्ट लावून घासायचे. शेवटी डोळे मिटून सीटवरून बोट फिरवायचे. "डोळं फसत्यात, बोट न्हाई फसत," म्हणायचे.

खरी परीक्षा रॉकेलची. हेड उलटं ठेवून खळग्यात रॉकेल ओतायचं आणि चहा होईपर्यंत व्हॉल्व्हखाली ओल येते का बघायचं. बाजारात रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा मी डिझेल वापरा म्हटलं, तर माझ्या अंगावर आले. "डिझेल जाड असतंय. आपल्याला बरं वाटावं म्हणून थांबतंय ते." एकदा त्यांच्याच हातचं हेड गळलं, तर गिऱ्हाइकासमोर सरळ म्हणाले, "गळतंय. माझंच चुकलं. उद्या या." मी शरमेनं आत निघून गेलो होतो.

दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं मामांच्या बोटांची जाण गेली. त्यांनी ते लपवलं. पण चहाचा वाफाळता स्टीलचा ग्लास ते निवांत मुठीत धरून बसलेले दिसले आणि मला कळलं.

त्यानंतर तळेगाव ढमढेऱ्याच्या एका जुनाट ट्रॅक्टरचं हेड आलं. मामांनी दोन दिवस घासलं. रॉकेल ओतल्यावर म्हणाले, "तूच बघ रं, मला वाकवत न्हाई." असं ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते. मी वाकलो. तिसऱ्या व्हॉल्व्हखाली ओल होती. मी ती फडक्यानं पुसली.

"कोरडं हाय, मामा."

मामा इतके खूश झाले की त्या दिवशी लवकर घरी गेले. मागं मी तो व्हॉल्व्ह काढून परत घासला.

सकाळी त्यांनी खिळ्यावरची काडी हातात घेतली. कपाला ओली पेस्ट होती.

"कितवा?"

"तिसरा."

"काल गळत व्हता?"

"व्हय."

"बोटं गेली त्याचं काय न्हाई," ते हळूच म्हणाले. "पण रॉकेल खरं सांगत व्हतं, आन् तू पुसलंस. खरं ऐकणं मला सोसलं नसतं व्हय?"

काडी पुसून त्यांनी खिळ्याला लावली, साबणानं हात धुतले आणि गेले. परत आले नाहीत. मी दोनदा घरी गेलो. त्यांनी चहा पाजला, पावसापाण्याचं बोलले, हेडाचं अक्षरही नाही. दोन्ही वेळा माफी ओठांवर आली आणि मी ती चहाबरोबर गिळली. श्रावणात मामा वारले. मला त्यांची दया आली होती, आणि दया त्यांनी कधी कुणाकडं मागितली नव्हती.

त्यांच्या डब्यात थोडं रॉकेल उरलं आहे. मागच्या आठवड्यात एका हेडाखाली ओल दिसली. गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि फडकं माझ्या खांद्यावर.

"गळतंय," मी म्हणालो. "माझंच चुकलं. उद्या या."

एवढंच मी मामांना म्हणायला हवं होतं, त्या दिवशी. त्या परक्या माणसासमोर मला रडू आवरेना.