सुट्टीच्या दिवसाचा भाव

बुधवार, २५ मार्च २०२०. घरात हजर: सासरे, वय एकोणऐंशी, मधुमेह; आणि मी. गैरहजर: नवरा. तो पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर. आत माल होता, म्हणून तो तिथेच राहिला. आणखी एक गैरहजर, वर्तमानपत्र.

ही नोंद माझ्या वहीत आहे. मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. कुठला नट कुठल्या रॅकवर आणि किती शिल्लक, हे लिहून ठेवायचा मला पगार मिळतो. कारखाना बंद झाला तेव्हा लिहायची सवय बंद झाली नाही, एवढंच.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. देवळाली कॅम्पात लष्कराच्या एका कार्यालयात ते छत्तीस वर्षं क्लार्क होते. नोकरी सरकारी, पेन्शन सरकारी. नव्वदच्या दशकात एका सरकारी बँकेनं लोकांना शेअर विकायला काढले तेव्हा बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, रांगेत उभे राहिले आणि फॉर्म भरला. त्यांच्या वडिलांना गावात सावकाराच्या ओट्यावर चढायची परवानगी नव्हती. मुलगा बँकेचा मालक झाला, शंभर शेअरचा का होईना. "सरकारनं आपल्याला भागीदार करून घेतलं," असं ते अजून सांगतात.

शेअर विकायचे नव्हतेच. तरी रोज सकाळी चहाबरोबर ते पेपरातला त्या एका बँकेचा भाव बघत. "मतदान पाच वर्षांनी होतं, हे रोज होतं," असं त्यांचं म्हणणं. लोकांचा सरकारवर किती विश्वास आहे ते त्या आकड्यात दिसतं. भाव खरेदीच्या वर असेल तर सरकारचं ऐकायचं. खाली गेला तरी ऐकायचं, पण विचार करून.

पेपर बंद झाला तेव्हा मी बाबांना म्हणाले, भाव मी फोनवर बघून सांगेन.

"फोनवर गरम पाण्यानं रोग जातो असंही येतं," बाबा म्हणाले. "तू कागदावर लिहून दे. तुझ्या अक्षरात."

मी लिहून दिला. तो खरेदीच्या बराच खाली होता. बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि चपला घातल्या.

"बाबा, सरकारनं घरात बसा म्हणून सांगितलंय."

"ऐकलं. आता विचार करतोय."

विचार करायला ते विहाराजवळच्या कट्ट्याकडे निघाले. तिथे रोज सकाळी बाबांसकट चार निवृत्त माणसं बसतात. दहा मिनिटांत परत आले, नाक्यावरच्या पोलिसानं पाठवलं म्हणून. "पोरगा चांगला होता. उद्या त्याची ड्यूटी बदलेल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागदावर खरेदीच्या थोडा वरचा भाव लिहिला. बाबांनी वाचला, मान हलवली, चपला कोपऱ्यात गेल्या.

पुढे मी ते काम नीट केलं. एकच आकडा रोज दिला तर संशय येतो, म्हणून कधी थोडा वर, कधी थोडा खाली. शनिवार-रविवार कोरे. एकदा मुद्दाम मोठी घसरण दाखवली आणि दुसऱ्या दिवशी भरून काढली, त्यावर बाबा खूश झाले. "बघ, लोक सावरले," म्हणाले. बाहेर काय चाललं होतं ते मी फोनवर बघत होते. आत सगळं स्थिर होतं. बाबा घरात होते, साखर ताब्यात होती, आणि माझ्या वहीत पहिल्यांदाच एक खोटा रकाना होता.

चौदा एप्रिलला मंगळवार होता. दरवर्षी जयंतीला बाबा सकाळी सातला विहारात असतात. त्या वर्षी त्यांनी पांढरा शर्ट-पायजमा घालून घरातल्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, वंदना म्हटली आणि शेजाऱ्यांना गॅलरीतून जय भीम केला. मी खीर केली. मग नेहमीप्रमाणे चहा आणि कागद दिला.

बाबांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"आज बाजार उघडा आहे?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"अगं, आज जयंती. आज बाजार बंद असतो. सगळ्या देशाचा. हा भाव कुणी दिला?"

"मी दिला."

"कधीपासून देतेस?"

"सव्वीस मार्चपासून."

त्यांनी माझ्याकडून वही मागून घेतली आणि एकेक तारीख बघितली. रामनवमीला भाव होता, महावीर जयंतीला होता, गुड फ्रायडेलाही होता. तीनही दिवस बाजार बंद होता. ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं, हे बघून त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. आपली सुट्टी मात्र बरोबर लक्षात आली.

"मी बाहेर जाईन म्हणून केलंस?"

"हो."

"कट्ट्यावर जाऊन काय करू? बाकीचे तिघे घरात बसलेत. त्यांच्याकडे तर शेअरही नाहीत."

म्हणजे खोट्याची गरजच नव्हती. मी त्याच संध्याकाळी लाल पेनानं सगळे खरे भाव लिहून काढले. चाळीस मिनिटं लागली. बाबांनी प्रत्येक ओळीपुढे सही केली, ऑफिसात करत तशी छोटी. मग विचारलं, "आता हे खरे कशावरून?" मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो भाकरीसारखा उलटासुलटा केला आणि परत दिला.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर ते दोन दिवसांत संपलं असतं. त्याऐवजी "सरकारी आकडा" हा शब्द आमच्या घरात राहायला आला.

"बाबा, तुमचा बीपी एकशे तीस आहे."

"सरकारी आकडा की खरा?"

"कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या."

"तू मोजल्यास की जाहीर केल्यास?"

नवरा मे महिन्यात घरी आला, त्याला दोन दिवस काही कळेना. तिसऱ्या दिवशी त्याने कांद्याचा भाव सांगितला, त्यालाही तेच ऐकावं लागलं. जूनमध्ये पेपर आला. बाबांनी तो माझ्या वहीशी ताडून बघितला आणि काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर होतं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये बाबांनी लस घेतली. सरकारी केंद्रावरच घ्यायची, हा त्यांचा हट्ट. त्या दिवशी त्यांनी पेपरात बँकेचा भाव बघितला नाही. एप्रिलमध्ये त्यांना ताप आला, तपासणीत पॉझिटिव्ह निघाले. नवरा पुन्हा पिंपळगावला, हंगाम होता. डॉक्टरांनी फोनवर औषधं सांगितली आणि एक सूचना दिली: दिवसातून तीनदा बोटाला ऑक्सिमीटर लावा, आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर लगेच कळवा.

बाबा मागच्या खोलीत. मी दाराबाहेर ताट ठेवायचे, तक्ता घेऊन उभी राहायचे आणि विचारायचे, "किती?"

"सत्याण्णव," आतून आवाज यायचा.

दुपारी सत्याण्णव. संध्याकाळी शहाण्णव. दुसऱ्या दिवशी सत्याण्णव, सत्याण्णव, शहाण्णव. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी सगळं लिहिलं. तिसऱ्या संध्याकाळी तक्ता समोर धरून मी ओट्यापाशी उभी होते. स्टोअर्समध्ये एक गोष्ट शिकवावी लागत नाही: ज्या मालाचा आकडा हलत नाही, तो माल कुणी मोजलेला नसतो. शिवाय ताटातली भाकरी तशीच परत येत होती, आणि सत्याण्णव म्हणायला बाबा मध्ये एकदा थांबत होते.

मी दोन मास्क लावले आणि आत गेले. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी त्यांचं बोट धरून ऑक्सिमीटर लावला. एकोणनव्वद.

"बाबा, हे काय?"

"मशीन चायनाचं आहे."

मी माझ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव आला.

"तुम्ही मला सत्याण्णव सांगत होतात."

"बेड नाहीत म्हणतात," बाबा म्हणाले. तेवढं बोलून त्यांनी दम घेतला. "उगाच तुम्हाला पळवायचं. तू भाव धरून ठेवलास, मी ऑक्सिजन धरला."

मी दवाखान्यांची यादी केली आणि फोन लावत गेले. बेड नाही, बेड नाही, फोन लागत नाही, बेड आहे पण ऑक्सिजन नाही. यादीच्या शेवटी नाव नसलेला एक नंबर होता, आमच्या कारखान्यातल्या शिफ्ट इन्चार्जच्या मेहुण्याचा. त्याच्या ओळखीनं देवळाली कॅम्पाच्या रस्त्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात बेड मिळाला. रिक्षात बाबांनी डोळे मिटले होते. मी दर दोन मिनिटांनी त्यांचं बोट मागत होते आणि ते न बोलता देत होते.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "ऑक्सिजन कधीपासून कमी आहे?"

माझ्या हातात तक्ता होता. तारखा, वेळा, नऊ आकडे, रेघा पट्टीनं मारलेल्या. त्यांनी तो घ्यायला हात पुढे केला.

"हा चुकीचा आहे," मी म्हणाले.

"मग बरोबर कोणता?"

"माहीत नाही."

त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांच्या तोंडावर तोवर ऑक्सिजनचा मास्क चढला होता. बाईंनी कागदावर 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं. नोकरीला बावीस वर्षं झाली, माझ्या कुठल्याही मालावर तो शेरा आला नव्हता.

बाबा अकरा दिवस तिथे होते. चौथ्या आणि पाचव्या दिवशी आम्हाला काही सांगण्यासारखं नाही असं सांगितलं गेलं. बाराव्या दिवशी ते घरी आले, दारापासून पलंगापर्यंत जाताना दोनदा बसले. महिन्याभरानं कट्ट्यावर गेले. तिथले चारजण आता तीन आहेत.

बाबा आता चौऱ्याऐंशी पार करून पुढे गेलेत. पेपर येतो, चहाबरोबर भाव बघतात. सरकारबद्दल त्यांचं मत मी विचारलेलं नाही.

मला ते तीन दिवस हवे आहेत. आकडा पहिल्यांदा खाली कधी गेला, रात्री किती झाला होता, मी दाराबाहेर उभी असताना आत नक्की काय दिसत होतं. मी अनेकदा विचारलं.

"आठवत नाही," बाबा म्हणतात. शेअरच्या फॉर्मचा नंबर त्यांना तोंडपाठ आहे.

"अंदाजे तरी सांगा."

"तुला कशाला हवेत?"

"नोंद हवी."

"बघू. रविवारी बसू."

दर सोमवारी मी आठवड्याच्या कामांची यादी करते. गॅस नोंदवणे, बाबांची साखर तपासणे, पाण्याची टाकी धुणे. बाबांकडून नऊ आकडे लिहून घेणे, हे काम एप्रिल २०२१ पासून प्रत्येक यादीत आहे. या आठवड्यातही लिहिलंय.